दोनदा विकलेली रास्पबेरी

१

गुरुवारी सकाळी मी फाटकाजवळच्या माझ्या केबिनमध्ये शिरून अजून कोटही काढला नव्हता, तर बाहेर दोन अजस्र ट्रक नाकाला नाक लावून उभे. एक ऑस्ट्रियाचा, एक फ्रान्सचा. दोन्ही ड्रायव्हर खिडकीतून अर्धे बाहेर आले होते आणि आपापल्या भाषेत एकमेकांच्या घरच्यांची चौकशी करत होते. शब्द कळत नव्हते, पण सूर बरोबर कळत होता.

मी दोघांचे कागद मागून घेतले. दोन्हींवर आमच्या कोल्ड स्टोरेजचा शिक्का. दोन्हींवर एकच माल: लॉट नंबर अकरा, गोठवलेली रास्पबेरी, अख्खा दाणा, पूर्ण लॉट. अरिल्ये गावात माल बाहेर सोडण्याचे कागद करता करता माझे केस पिकले, त्यामुळे खोटा शिक्का मला चष्म्याशिवाय ओळखू येतो. हे दोन्ही कागद अस्सल होते. आम्ही एकच माल दोघांना विकून बसलो होतो.

तेवढ्यात आमचे डायरेक्टर वेलिमिर धावत आले. माणूस वाईट नाही. फक्त घाबरला की आधी ओरडतो आणि मग विचार करतो, आणि बऱ्याचदा ते दुसरं राहूनच जातं.

"ही फुकटीची करणी," कागद बघून ते ओरडले. "मी म्हणत नव्हतो? मागच्या आठवड्यात बाईसाहेब होत्या, तेव्हा झालं होतं का असं काही?"

फुकटी आणि बाईसाहेब म्हणजे कोणी बायका नव्हेत. ते दोन डेटाबेस. कुठल्या खोलीत किती माल, कोणाकडून घेतला, कोणाला विकला, हे सगळं ज्याच्या पोटात राहतं ते. आमचा जुना प्रोग्राम शेवटच्या घटका मोजत होता, म्हणून डायरेक्टरांनी दोन नवे डेटाबेस आठवडा-आठवडा वापरून बघायचे ठरवले. माणसं तीच, माल तोच, तुलना करायची आणि एक निवडायचा. पहिला बेलग्रेडच्या एका एजंटाने आणलेला, किंमत ऐकूनच बसायला खुर्ची लागेल असा. त्याला आम्ही बाईसाहेब म्हणायला लागलो. दुसरा जगात कोणीही फुकट घ्यावा असा, आणि तो बसवला होता माझ्या भाचीने, दुन्याने.

"एजंट दुपारी करार घेऊन येतोय," डायरेक्टर म्हणाले. "मी डोळे मिटून सही करणार. आणि वुकोसावाबाई, तुमच्या भाचीला सांगा, व्हिएन्नाची नोकरी चालून आलीय ना, तर खुशाल जा म्हणावं. इथे तिचं काम संपलं."

आमच्या गल्लीतली सगळी पोरं एकेक करून व्हिएन्नाला गेली. दुन्याची आई, माझी धाकटी बहीण, तीही तिकडेच. ही एकटी पोरगी शिकून परत आली, माझ्याकडे राहिली, माझ्या हातचं खाऊन मलाच मीठ कमी म्हणायला लागली. ती गेली तर मी घरी कोणाशी भांडू?

मी फोन उचलला आणि ओब्रादला लावला.

२

ओब्राद माझा शेजारी. आयुष्य पोलिसात काढलं, आता रास्पबेरीच्या वेलींना काठ्या लावतो. चोर पकडायचा तेव्हा कधी हात उगारला नाही म्हणतात. समोर बसायचा, कॉफी प्यायचा आणि माणूस कंटाळून खरं बोलायचा.

"वुका, मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही," केबिनमध्ये येऊन टोपी काढत तो म्हणाला.

"मग कसं व्हायचं रे?"

"तेच बरं असतं. मला कळत नाही म्हटल्यावर लोकांना समजावून सांगावं लागतं. समजावून सांगताना खोटं बोलणं फार अवघड." त्याने माझा कप पुढे ओढला. "विकला कोणी, ते आधी आण."

विकणारे दोघं. फ्रान्सचं गिऱ्हाईक मिओद्रागचं, ऑस्ट्रियाचं ल्युबिंकाचं. दोघं एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसतात आणि गेली कित्येक वर्षं एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

मिओद्राग आधी आला. केस चोपडून बसवलेले, चेहरा दुखावलेला.

"मी मंगळवारी सकाळी विकला," तो म्हणाला. "स्क्रीनवर अकरा नंबर स्वच्छ मोकळा होता. विकला, सेव्ह केला, कॉम्प्युटर बंद केला आणि ल्युबिंकाकडे जेवायला गेलो."

"जेवायला? तुमचं तर पटत नाही."

"काका, मंगळवारी मित्रोवदान होता. त्यांच्या घरच्या संताचा दिवस. अशा स्लावाच्या जेवणाला कोणी बोलावतं का? आपण जायचं असतं. तुम्हीही होतात की, भाजलेल्या डुकरापाशी बसला होतात."

ओब्रादने घसा साफ केला. "असेन. मग तिथे तू तिला सांगितलंस का, की अकरा नंबर विकला?"

"संतापुढे मेणबत्ती जळतेय आणि मी धंद्याचं बोलू? माझी आई वरून चप्पल फेकून मारेल."

ते बाकी खरं. सबंध दुपार दोघं एकाच टेबलाशी होती. ल्युबिंकाने त्याच्या ताटात आग्रहाने वाढलं होतं, त्याने तिच्या घराण्याच्या नावाने ग्लास उचलला होता. अकरा नंबरचा विषय कोणी काढला नाही.

मग ल्युबिंका आली. गोरी, ठेंगणी, तोंडाची तिखट. आज मात्र खुर्चीच्या टोकावर बसली.

"मी बुधवारी विकला. सकाळी आल्या आल्या," ती म्हणाली. "तेव्हा माझ्या स्क्रीनवर तो मोकळाच होता. आता यापेक्षा जास्त काय सांगू?"

"त्याआधी कधी बघितला होतास?"

"सोमवारी. संध्याकाळी."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी मी पहाटेपासून कोबीच्या पानात खिमा गुंडाळत होते. ऑफिसचं तोंडसुद्धा बघितलं नाही."

आता मला राहवेना. मंगळवारी तिच्या खोलीवरून जाताना मी स्वतः पाहिलं होतं. "ल्युबिंका, अगं मंगळवारी तुझा कॉम्प्युटर चालू होता. तुझी लोकरी बंडी खुर्चीच्या पाठीला होती. मला वाटलं, सणाच्या दिवशीही घटकाभर आलीयेस आणि हात धुवायला गेलीयेस."

ल्युबिंकाचा चेहरा आमच्या मालाच्या रंगाचा झाला.

ओब्रादने कप खाली ठेवला. "तू घरी. कॉम्प्युटर चालू. मग त्या खुर्चीवर मंगळवारी होतं कोण?"

ती उठली आणि निघून गेली.

३

"एजंट," मी म्हणाले. "दुसरं कोण असणार?"

एजंटाचं नाव रातिबोर. टाय एवढा घट्ट की बोलताना डोळे बाहेर यायचे. मंगळवारी दुपारी सगळं ऑफिस ल्युबिंकाकडे जेवायला गेलं होतं तेव्हा हा चॉकलेटचा डबा घेऊन आला होता आणि रिकाम्या ऑफिसात एकटाच बसून होता, हे मला फाटकावरच्या पोऱ्यानेच नव्हे तर खुद्द त्यानेच सांगितलं होतं. वर म्हणाला होता, तुमच्याकडे कामाच्या दिवशी कोणी नसतंच का?

माझं डोकं भराभर चालायला लागलं. फुकटी बदनाम झाली तर फायदा कोणाचा? रातिबोरचा. ऑफिस रिकामं, ल्युबिंकाचा कॉम्प्युटर उघडा, मंगळवारी सकाळी विकलेला माल पुन्हा विकून ठेवायला किती वेळ लागतो? मला तर त्याला बेड्या घातलेलंही दिसायला लागलं. बेड्यांमध्ये त्याचा टाय सैल झाला होता.

"शाबास वुका," ओब्राद म्हणाला. "भाचीला बोलाव."

दुन्या आली. डोळे लाल होते, पण रडली नव्हती, ट्रक आल्यापासून स्क्रीन बघत बसली होती. मी माझा सिद्धांत मोठ्या आनंदाने तिला सांगितला.

"नाही गं मावशी," ती म्हणाली. "प्रत्येक विक्री कधी पक्की झाली आणि कोणत्या कॉम्प्युटरवरून, हे फुकटी लिहून ठेवते. मिओद्रागची मंगळवारी सकाळी. ल्युबिंकाबाईंची बुधवारी सकाळी, त्यांच्याच खुर्चीवरून. मंगळवारी दुपारी कोणीच काही केलेलं नाही. रातिबोरांनी त्या दिवशी फक्त स्वतःची चॉकलेटं खाल्ली."

"मग चालू कॉम्प्युटरचं काय?"

"ते मला कळत नाहीये. स्क्रीन उघडी होती एवढंच खरं." तिने कपाळ चोळलं. "आणि मावशी, तू माझ्यासाठी दुसऱ्या कोणाला चोर ठरवू नकोस. कदाचित चूक माझीच असेल."

पोरगी असं बोलली की मला तिचा राग येतो, कारण मग माझ्याकडे बोलायला काही उरत नाही.

ओब्राद उठला आणि सरळ ल्युबिंकाच्या खोलीत गेला. मी मागे. ल्युबिंका खिडकीकडे तोंड करून उभी होती. मिओद्राग आपल्या जागेवर कान टवकारून बसला होता.

"ल्युबिंका," ओब्राद म्हणाला, "परवा मी तुझ्या घरचं मीठ खाल्लंय. तुला अडकवायला आलो नाही. पण तुझ्या गप्प बसण्याने ती पोर देशोधडीला लागेल."

ल्युबिंकाने बंडीची बाही ओढली, सोडली, पुन्हा ओढली.

"मी बसले होते," ती शेवटी म्हणाली.

"कुठे? तू तर घरी होतीस."

"लॉटवर. लॉटवर बसले होते."

माझ्या मागे मिओद्रागच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला, आणि मला कळलं की तोही बसतो.

४

लॉटवर बसणं आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणीच बोलत नाही. जून-जुलैत गावोगाव रास्पबेरीची खरेदी होते, तेव्हा एखादा चांगला क्रेट दिसला की खरेदीदार त्यावर आपली टोपी ठेवतो आणि राकिया, म्हणजे फळांची दारू, प्यायला जातो. टोपी दिसली की दुसरा हात लावत नाही. कॉम्प्युटर आले तेव्हा टोपीची जागा स्क्रीनने घेतली. जुन्या प्रोग्राममध्ये कोणी एखादा लॉट उघडला की बाकीच्यांना "वापरात आहे" असं दिसायचं. झालं. सकाळी येऊन आवडता लॉट उघडायचा, सेव्ह करायचा नाही, आणि दिवसभर गिऱ्हाईक शोधत फिरायचं. टोपी ठेवल्यासारखंच.

"सोमवारी मी अकरा नंबर उघडला आणि तसाच ठेवला," ल्युबिंका सांगत होती. "दुसऱ्या दिवशी मी घरी असणार. ऑस्ट्रियावाल्याचं नक्की व्हायचं होतं. म्हटलं, स्क्रीन उघडी आहे, कोण हात लावतोय. बुधवारी आले, त्याचा होकार आला होता, नाव घातलं, सेव्ह केलं."

"आणि मला मंगळवारी तो मोकळा दिसला," मिओद्राग म्हणाला. "आईची शपथ, बाई, टोपी दिसली असती तर मी हात लावला नसता."

ती दोघं एकमेकांकडे बघून बोलली, हे या खोलीत कितीतरी दिवसांनी घडत होतं.

ओब्रादने दुन्याला बोलावून जवळ बसवलं. "आता मला असं समजाव, की मी माझ्या वेलींना समजावू शकेन. टोपी गेली कुठे?"

दुन्याने थोडा विचार केला. "काका, एखादी नोंद कोणी उघडली की बाकीच्यांचं काय करायचं, हे प्रत्येक डेटाबेसला ठरवावं लागतं. बाईसाहेब, म्हणजे रातिबोरांनी जशी मांडून दिली तशी, पहिल्याला आत घेते आणि दाराला कडी लावते. तो सेव्ह करेपर्यंत किंवा बाहेर पडेपर्यंत बाकीचे दाराशी उभे. फुकटी कोणाला थांबवत नाही. जो येईल त्याला शेवटच्या पक्क्या नोंदीची स्वतंत्र प्रत देते. ल्युबिंकाबाईंच्या हातात सोमवारची प्रत होती. मंगळवारी मिओद्रागने विकला, पण त्यांच्या हातातल्या प्रतीवर माल मोकळाच राहिला. बुधवारी त्यांनी ती सेव्ह केली." ती थांबली. "तिथे सेव्ह करताना मी पुन्हा एकदा तपासायला हवं होतं, मधल्या काळात कोणी विकलाय का. फुकटीला ते सांगता येतं. मी सांगितलं नाही. लोक रात्रभर स्क्रीन उघडी ठेवून घरी जातील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ती चूक माझी."

आता डायरेक्टरांना हेच हवं होतं.

पण ओब्राद वेगळ्याच गोष्टीला चिकटला होता. "थांब. बाईसाहेब दाराला कडी लावते म्हणालीस. म्हणजे मागच्या आठवड्यात कोणी लॉटवर बसलं असेल, तर बाकीचे अडकले असतील."

"हो."

"अडकले होते का?"

आम्ही तिघं एकदम बोलायला लागलो. अडकले होते का? अहो, रोज. सकाळच्या कॉफीची वेळ झाली की शिल्लक मालाची यादी उघडायला जावं, तर एक, दोन, तीन करत सोळा नंबरपर्यंत उतरायची आणि थिजायची. सतरा नंबर काही यायचा नाही. ऑफिसभर सगळे हात बांधून बसलेले. मग सूर्य वर आला की आपोआप सुरू. रातिबोर म्हणायचा, केबल खराब आहे. त्याने केबल बदलली, मग दुसरी बदलली, मग आमच्या भिंतीला भोक पाडलं.

"मग आम्हाला कळलं," मिओद्राग आवाज बारीक करून म्हणाला, "की दोष केबलचा नाही. सतरा नंबरचा आहे. त्या लॉटला दृष्ट लागलीय."

"वुकोसावाबाईंनी त्या खोलीच्या दारावर लसूण बांधला," ल्युबिंका म्हणाली.

"बांधला," मी म्हणाले. "आणि शिडी मिओद्रागने धरली. लाजायचं काय त्यात?"

ओब्राद हसला नाही. "सतरामध्ये माल कोणता?"

"अख्खा दाणा. पूर्ण लॉट. अगदी अकरासारखा."

"बाहेर दोन ट्रक एका लॉटवरून एकमेकांचे गळे धरताहेत, आत तसाच दुसरा लॉट पडलाय, आणि सकाळपासून कोणी त्याचं नाव काढलं नाही?"

"त्याचं नाव कोण काढेल," ल्युबिंका पुटपुटली. "या आठवड्यात फुकटीत तो मोकळा दिसतोय, तरी मी हात लावलेला नाही."

ओब्रादने टोपी डोक्यावर घातली. "दृष्ट-बिष्ट नाही. मागच्या आठवड्यात रोज सकाळी सतरा नंबरवर कोणीतरी बसत होतं. तू होतीस?"

"मी अकरावरच बसते. पण मागच्या आठवड्यात गिऱ्हाईकच नव्हतं, बसलेच नाही," ल्युबिंका म्हणाली.

"तू?"

"माझा नऊ नंबर. मागच्या आठवड्यात मीही बसलो नव्हतो," मिओद्राग म्हणाला.

"मग या ऑफिसात लॉट उघडू शकणारं आणखी कोण आहे?"

आम्ही सगळे छताकडे बघायला लागलो. छताच्या वर एकच खोली होती.

५

डायरेक्टरांच्या टेबलावर करार पसरलेला होता. रातिबोर पेनाचं टोपण काढून उभा होता, हॉटेलातला वेटर उभा राहतो तसा.

"या, या," डायरेक्टर म्हणाले. "सापडला चोर?"

"चोरीच झाली नाही," ओब्राद खुर्ची ओढत म्हणाला. "वेलिमिर, सहीच्या आधी या साहेबांना एकच विचारतो. मागच्या आठवड्यात तुमची बाईसाहेब रोज सकाळी थिजायची. एखाद्या दिवशी नाही थिजली, असं झालं का?"

"झालं ना," रातिबोर उत्साहाने म्हणाला. "गुरुवारी. मी आदल्या दिवशी नवी केबल टाकली होती. गुरुवारी काम कसं लोण्यासारखं."

"आणि शुक्रवारी?"

रातिबोरचा उत्साह ओसरला. "शुक्रवारी पुन्हा... केबल निकृष्ट निघाली."

"वुका, मागच्या गुरुवारी ऑफिसात कोण नव्हतं?"

मला आठवायची गरजच नव्हती. पुष्पचक्र मीच आणून दिलं होतं. "डायरेक्टर," मी म्हणाले. "क्रागुयेवात्सला मयताला गेले होते."

खाली फ्रान्सच्या ट्रकने एकदा भोंगा वाजवला.

"हे काय चाललंय?" डायरेक्टर उठले. "मी रोज सकाळी यांच्याबरोबर कॉफीला असतो, समोरच्या कॅफेत. मी कॉम्प्युटरजवळसुद्धा नसतो."

"तेच म्हणतोय मी," ओब्राद म्हणाला. "जाण्याआधी असतोस." मग तो रातिबोरकडे वळला. "कडी कोणी लावलीय, हे बाईसाहेबांना विचारलं तर नाव सांगत असेल ना?"

दुन्या दारातून म्हणाली, "सांगते. पण ते बघायची किल्ली रातिबोरांकडेच होती. मी तीनदा मागितली."

रातिबोरने टायला हात घातला. पहिल्यांदाच तो सैल झालेला मी पाहिला.

"पहिल्याच दिवशी दिसलं होतं मला," तो म्हणाला. "पण तुम्हीच सांगा, ज्याला माल विकायचाय त्याला तोंडावर कसं सांगणार, की साहेब, सगळं ऑफिस तुमच्यामुळे तुंबलंय? आणि तेही त्यांच्याच पैशाची कॉफी पिताना. केबलला वाईट वाटत नाही. म्हणून केबल म्हटलं."

ओब्राद टेबलाला वळसा घालून पलीकडे गेला आणि डायरेक्टरांची स्क्रीन आमच्याकडे फिरवली. फुकटी. लॉट सतरा, उघडा. गिऱ्हाईकाच्या रकान्यात एक नाव लिहिलेलं, सेव्ह न केलेलं: रादिसाव.

"तुमचे कूम," मी म्हणाले.

कूम म्हणजे लग्नात साक्षीला उभा राहिलेला माणूस. सख्ख्या भावाला एकदा नाही म्हणता येतं, कूमला म्हणता येत नाही. या रादिसावचा ज्यूसचा कारखाना, आणि माल न्यायला त्याला सवड कधी मिळेल हे त्याच्या बायकोलाही सांगता यायचं नाही.

डायरेक्टर मटकन खाली बसले. एवढा मोठा माणूस, कान लाल झाले. "तो म्हणाला, एक चांगला लॉट धरून ठेव. नक्की घेईनच असं नाही म्हणाला. पक्कं लिहावं तर हिशेबात विक्री दिसते, मोकळा सोडावा तर तुम्ही विकून टाकता. मग मी रोज सकाळी... बसायचो. जुन्या प्रोग्रामपासून बसतोय. फुकटीतही कोणी हात लावत नव्हतं, म्हणून वाटलं, चाललंय बरोबर."

"फुकटीत तुम्हाला लसणाने वाचवलं, साहेब," मी म्हणाले.

६

सतरा नंबरचा लॉट ऑस्ट्रियाला गेला. दृष्ट वगैरे काही नसल्याचं कळल्यावर ल्युबिंकाने तो स्वतःच लिहून दिला, पण लसूण मलाच काढायला लावला. अकरा फ्रान्सला. दोन्ही ड्रायव्हरांना मी केबिनमध्ये बसवून चीज भरलेला बुरेक खाऊ घातला. त्यांची भाषा एक नव्हती, पण आमच्या कारभाराबद्दलचं मत एक होतं, त्यामुळे त्यांची गट्टी जमली. कूमला फोन करायला डायरेक्टर एकटेच खोलीत गेले आणि बाहेर आले तेव्हा मयताहून परतल्यासारखे दिसत होते.

मग सगळ्यांना वर बोलावलं. करार अजून टेबलावरच होता.

"आता सांग," डायरेक्टर दुन्याला म्हणाले. "कोणती चांगली? खरं सांग."

मी डोळ्यांनी खुणावत होते, तुझी फुकटी म्हण, फुकटी म्हण. पोरगी माझ्याकडे बघतही नव्हती.

"दोन्ही चांगल्या आहेत," ती म्हणाली. "बाईसाहेबांना दार उघडं ठेवायला सांगता येतं आणि फुकटीला कडी लावायला सांगता येतं. फरक आहे तो न सांगता कोण काय करते त्याचा, आणि अडलं तर कोणाला हाक मारायची त्याचा. बाईसाहेब घेतलीत तर बेलग्रेडहून माणूस येईल, अनुभवी येईल, पण त्याचा दर दरवर्षी द्यावा लागेल. फुकटी घेतलीत तर इथे कोणीतरी ती जाणणारं रोज हवं. आपण विकणारे दोघं-तिघं, लॉट मोजके. एवढ्याला फुकटी पुरते. उद्या चार गावांत शाखा काढल्यात तर पुन्हा तुलना करा. पण डेटाबेस कुठलाही घ्या, लॉट धरून ठेवायची सोय उघडपणे करा. एक बटण असू दे: कोणी धरला, कधीपर्यंत. मुदत संपली की आपोआप सुटेल. सगळ्यांना दिसेल."

"सगळ्यांना?" डायरेक्टरांनी विचारलं.

"तुमचंसुद्धा नाव दिसेल साहेब. आणि तुमचाही सुटेल."

रातिबोरने पेनाचं टोपण लावलं. जाताना त्याने दुन्याशी हात मिळवला आणि म्हणाला, मी असतो तर एवढं खरं बोललो नसतो. ते आम्हाला माहीतच होतं.

डायरेक्टरांनी कराराची घडी केली. मग खाली मान घालून म्हणाले, "सकाळी मी जे बोललो ते घाबरून बोललो. फुकटीच ठेवू. ती जाणणारं माणूस तू हो. कायमची. पण तुला व्हिएन्नाला उत्तर द्यायचंय, मला माहीत आहे. तिकडे बरं चाललं असतं तुझं. तू आधी विचार कर आणि मग मला सांग."

मी जिना उतरले. मला ते उत्तर ऐकायचं नव्हतं. सकाळपासून मी हिची नोकरी वाचवायला धावले होते आणि आता ती वाचल्यावर लक्षात येत होतं, की हिने जायचंच ठरवलं असेल तर नोकरी वाचवून उपयोग शून्य. फाटकापर्यंत आले तर ती मागून धापा टाकत आली.

"मावशी, थांब ना. विचार कसला करायचाय? व्हिएन्नाला मी सोमवारीच कळवलंय. येत नाही म्हणून."

"सोमवारी?"

"हो."

"म्हणजे आज सकाळी डायरेक्टरांनी तुला काढलं तेव्हा..."

"तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं. इथलंही नाही, तिथलंही नाही."

"आणि तरी तू त्या सगळ्यांसमोर म्हणालीस, चूक माझी?"

"होतीच ना माझी."

मी केबिनच्या पायरीवर बसले. "मला सांगितलं का नाहीस? आठवडाभर मी तुझी बॅग भरलेली स्वप्नात बघतेय."

"तू विचारलंसच कुठे? रोज संध्याकाळी ताट आपटत होतीस नुसती. मला वाटलं, मी तिकडे जायला लवकर हो म्हणत नाहीये म्हणून चिडलीस." ती माझ्या शेजारी बसली. "तिथे आई आहे, पण ती दिवसभर कामावर. घरी गेल्यावर माझ्याशी भांडायला तिथे कोण आहे गं?"

मी तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. फाटकातून बाहेर पडणाऱ्या ऑस्ट्रियाच्या ड्रायव्हरने तो पाहिला आणि घाईघाईने खिडकीची काच वर केली. मग मी तिला जवळ ओढून भोकाड पसरलं, आणि मागचा फ्रान्सचा ट्रक कागदासाठी भोंगा वाजवत राहिला तरी मी उठले नाही.